रेव्हरंड की रेव्हरंट? एका उपाधीचा अर्थ आणि वापर

मुद्रितशोधक

नमस्कार. मी छापखान्यांसाठी मुद्रितशोधनाचे काम करतो. सध्या माझ्यासमोर एका जुन्या मिशन शाळेच्या स्मरणिकेची प्रुफे आहेत. स्मरणिका मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहे आणि तिच्या इंग्रजी भागात प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे एका ज्येष्ठ पाळकांच्या, नावाआधी प्रत्येक ठिकाणी 'रेव्हरंट' असे छापले गेले आहे. मी शेवटच्या टीभोवती लाल गोल केला आणि समासात डी लिहिला. प्रुफे न्यायला आलेल्या शिक्षकांनी तो गोल पाहिला, मोबाइलवर कोश उघडला आणि मला दाखवले की 'रेव्हरंट' हा शब्दही कोशात आहे आणि त्याचा अर्थही आदराशीच संबंधित आहे. मग ही चूक कशी? खरे सांगायचे तर डी बरोबर आहे हे मला ठाऊक होते, पण का, ते मला पटकन सांगता आले नाही.

तोच धागा धरून आणखी दोन गोष्टी विचारतो. त्याच स्मरणिकेत कुठे पूर्ण नाव आहे, तर कुठे उपाधीपुढे नुसते आडनाव आहे. यांतले योग्य कोणते? आणि मराठी भागात ही उपाधी 'रेव्हरंड', 'रेव्ह.' की 'रे.' अशी लिहावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अनीयर्

पहिल्या प्रश्नाचे उत्तर संस्कृत शिकलेल्या माणसाला देणे सोपे आहे, कारण आपल्या व्याकरणात त्यासाठी तयार साचा आहे. दोन्ही शब्द 'रेव्हेरेरी' या एकाच लॅटिन क्रियापदावरून आले आहेत. धाक वाटणे आणि आदर बाळगणे या दोन्ही छटा त्या क्रियापदात आहेत. आपण 'आदरयुक्त भीती' म्हणतो, ती त्याच्या बरीच जवळ जाते. आता त्यापासून झालेली दोन रूपे पाहा. 'रेव्हरंट' हे कर्तरी रूप आहे, म्हणजे आदर बाळगणारा. 'रेव्हरंड' हे लॅटिनमधील 'रेव्हेरेंदुस' आहे, म्हणजे ज्याचा आदर करावयाचा आहे असा. पाणिनीच्या 'तव्यत्तव्यानीयरः' या सूत्राने जे होते, म्हणजे धातूला 'अनीय' लागून 'करावयास योग्य' असा अर्थ येतो, तेच इथे झाले आहे. वंदन करणारा तो रेव्हरंट आणि वंदनीय तो रेव्हरंड. आपल्या प्रुफांत पाळकसाहेबांच्या नावाआधी 'वंदन करणारे' असे छापले गेले आहे. सभागृहात बसलेले विद्यार्थी रेव्हरंट असावेत आणि व्यासपीठावरचे पाहुणे रेव्हरंड, एवढे त्या शिक्षकांना सांगितले तरी पुरे.

हा लॅटिन प्रत्यय आपण मराठीत रोज वापरतो, पण तो आपल्या लक्षात येत नाही. अजेंडा म्हणजे करावयाच्या गोष्टी, डिव्हिडंड म्हणजे वाटावयाची रक्कम, मेमोरँडम म्हणजे लक्षात ठेवावयाची बाब. या सगळ्यांच्या पोटात तोच 'न्ड' आहे. त्या ओळीत रेव्हरंडला बसवले की टी आणि डी यांचा घोळ पुन्हा होणार नाही.

टेम्सकाठ

मी पुष्कळ वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. अनीयर् यांनी सांगितलेला अर्थ ध्यानात ठेवला की इथल्या जुन्या वळणाच्या लोकांचा आग्रह समजतो. हा शब्द मुळात विशेषण आहे, पदाचे नाव नाही. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत त्याच्या आधी 'द' हे उपपद येते आणि नंतर पूर्ण नाव येते: द रेव्हरंड जॉन स्मिथ. नुसत्या आडनावाआधी तो लावायचा असेल तर मध्ये 'मिस्टर' किंवा 'डॉक्टर' घालावा लागतो. 'रेव्हरंड स्मिथ' हे त्यांच्या कानाला 'आदरणीय जोशी' असे अर्धवट ऐकल्यासारखे लागते. तसेच त्या व्यक्तीला हाक मारताना 'रेव्हरंड' म्हणण्याचीही इथे जुनी पद्धत नाही. कोणी 'फादर' म्हणतात, कोणी 'व्हिकार' म्हणतात, कोणी 'मिस्टर स्मिथ' म्हणतात आणि अलीकडे बहुतेक जण सरळ पहिल्या नावाने हाक मारतात. पत्राच्या आरंभीही 'डिअर रेव्हरंड' असे लिहिणे जुन्या लोकांना खटकते; पूर्वीच्या औपचारिक पत्रांचा मायना 'रेव्हरंड सर' असा असे.

अमेरिकेत मात्र 'रेव्हरंड जॅक्सन' असे आडनावासह म्हणणे आणि 'येस, रेव्हरंड' असे उत्तर देणे अगदी रूढ आहे. तरीही तिथली असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आपल्या लेखनशैलीत पहिल्या उल्लेखाला 'द रेव्ह.' असे उपपदासहच लिहायला सांगते.

वरच्या पायऱ्याही ध्यानात असाव्यात. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये सामान्य धर्मगुरू रेव्हरंड असतो, डीन (बिशपच्या मुख्य चर्चचा प्रमुख) 'व्हेरी रेव्हरंड', बिशप 'राइट रेव्हरंड' आणि आर्चबिशप 'मोस्ट रेव्हरंड' असतो. आर्चडीकनला, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, मात्र 'व्हेनरेबल' म्हणतात. यांतल्या 'राइट'चा उजवीकडे किंवा बरोबर असण्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'राइट' हे 'पुरेपूर, अत्यंत' या अर्थाचे क्रियाविशेषण होते, तेच 'राइट ऑनरेबल'मध्येही उरले आहे. एका भाषांतरात मी 'योग्य आदरणीय' असे वाचले होते. ते वाचून बाकीचे आदरणीय अयोग्य आहेत की काय, असे वाटले.

नगरकर

टेम्सकाठ यांनी इंग्रजीचे नियम नेमके सांगितले आहेत, पण ते मराठीला जसेच्या तसे लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म आहे आणि नगरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या समुदायात, मी लहानाचा मोठा झालो. आमच्याकडे हाक मारताना 'पाळकसाहेब' म्हणतात. 'पाळक' हे पास्टर या शब्दाचे मराठी रूप. त्यात कळप राखणाऱ्या मेंढपाळाची कल्पना आहे. पण पाळक हे काम आहे आणि रेव्हरंड ही उपाधी आहे, हा फरक आमच्या म्हाताऱ्या माणसांना नीट ठाऊक असतो. पाळक निवृत्त झाले की त्या मंडळीचे पाळक राहत नाहीत, पण दीक्षेबरोबर आलेले रेव्हरंडपण त्यांच्याकडे राहते. पत्रिकेत 'माजी पाळक रेव्ह. अमुक' असे छापतात. 'माजी रेव्हरंड' असे छापलेले मी कधी पाहिले नाही.

आता आडनावाचा मुद्दा. मराठी वाचकाला हा शब्द मुख्यतः एका माणसामुळे माहीत आहे, ते म्हणजे नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनचे काम केले आणि पाळकाची दीक्षा मिळाल्यावर ते रेव्हरंड झाले. तेव्हापासून आजपर्यंत महाराष्ट्र त्यांना 'रेव्हरंड टिळक' म्हणत आला आहे. लंडनच्या पंतोजीला हे चूक वाटेल, पण मराठीत त्याला चूक म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? शिवाय इथे त्या उपाधीला एक काम आहे. एकाच काळात, एकाच आडनावाचे, दोघेही रत्नागिरीकडचे असे दोन थोर पुरुष महाराष्ट्रात वावरत होते. एक लोकमान्य टिळक आणि दुसरे रेव्हरंड टिळक. नुसत्या 'टिळकां'नी काम भागत नव्हते, ते उपाधीने भागवले. 'लोकमान्य' हेही विशेषणच आहे, लोकांनी मान्य केलेला. पण आपण 'लोकमान्यांनी लिहिले', 'लोकमान्यांचा वाडा' असे बिनदिक्कत म्हणतो आणि तिथे विशेषणाचे नाम झाले म्हणून कोणी नाक मुरडत नाही. मराठीची ती रीतच आहे. त्याच रीतीने 'रेव्हरंडांनी' हे रूपही मराठीत शुद्ध आहे.

एक गंमत त्यांच्याच संदर्भात. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या पतीचा उल्लेख सतत नुसता 'टिळक' असा केला आहे. जगाला जी उपाधी लागली, ती घरात लागली नाही. आणि १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली, तरी लोकांच्या तोंडचे 'रेव्हरंड' काही सुटले नाही.

वसईची वाडी

कॅथलिक घरातून आलेल्या वाचकाला हा धागा वाचताना थोडे परके वाटेल, म्हणून लिहिते. आमच्याकडे धर्मगुरू म्हणजे 'फादर'. ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना 'रेव्हरंड दिब्रिटो' म्हटलेले मी एकदाही ऐकले नाही. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे इंग्रज जेजुइट थॉमस स्टीफन्स हेही मराठीत 'फादर स्टीफन्स'च आहेत. पण लग्नाची किंवा सणाची पत्रिका उघडली की त्याच माणसाच्या नावाआधी 'रेव्ह. फा.' असे छापलेले दिसते. म्हणजे रेव्हरंड आमच्याकडेही आहे, फक्त तो कागदावर राहतो आणि जिभेवर येत नाही. टेम्सकाठ यांनी सांगितलेली जुनी इंग्रजी पद्धत, म्हणजे लिहिताना एक आणि हाक मारताना दुसरे, ही वसईत अजून जिवंत आहे असे म्हणायला हरकत नाही. कॉन्व्हेंटच्या प्रमुखांना मात्र 'रेव्हरंड मदर' म्हणतात, तिथे ती जिभेवरही येते.

'व्हेनरेबल'चा उल्लेख आला आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, चर्चमध्ये तो आर्चडीकनचा मान असला, तरी कॅथलिक चर्चमध्ये ती संतपदाच्या वाटेवरची एक पायरी आहे आणि ती माणसाला मृत्यूनंतरच मिळते. गोव्याचे फादर आग्नेल यांना १९८६ साली पोपनी व्हेनरेबल घोषित केले. इंग्रजीत बौद्ध भिक्खूंच्या नावाआधीही 'व्हेनरेबल' लावतात आणि मराठीत तिथे आपण 'भदंत' किंवा 'भन्ते' म्हणतो. तेव्हा भाषांतर करताना आधी माणूस कोण आणि तो जिवंत आहे का, हे पाहिलेले बरे.

मुद्रितशोधक

सर्वांचे आभार. शाळेच्या शिक्षकांना 'वंदन करणारे' हा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी हसून डी मान्य केला. आता त्यांनीच नवा प्रश्न काढला आहे. प्रमुख पाहुणे मेथडिस्ट परंपरेतील आहेत. रेव्हरंड हा चर्च ऑफ इंग्लंडचा मान असेल, तर इतर पंथांच्या धर्मगुरूंना तो लावता येतो का? यावर काही नियम किंवा निवाडा आहे का?

जुनी नजीर

निवाडा आहे, आणि गंमत अशी की तो नेमका मेथडिस्ट धर्मगुरूच्याच प्रकरणातला आहे. इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात ऑस्टन फेरी नावाचे गाव आहे. तिथल्या हेन्री कीट या वेस्लियन मेथडिस्ट धर्मगुरूची मुलगी वारली आणि तिला गावच्या चर्चच्या आवारात पुरले. बापाला थडग्यावर दगड बसवायचा होता. त्या दगडावर मुलगी कोणाची हे सांगताना 'रेव्ह. एच. कीट, वेस्लियन मिनिस्टर' असा उल्लेख करायचा होता. चर्चच्या व्हिकारने, म्हणजे तिथल्या स्थानिक धर्मगुरूने, परवानगी नाकारली. आवार चर्च ऑफ इंग्लंडचे आणि रेव्हरंड हा मान आमच्या धर्मगुरूंचा, तेव्हा पंथाबाहेरच्या माणसाने तो आमच्या आवारातल्या दगडावर कोरू नये, अशी त्याची भूमिका होती. मुलीच्या थडग्यावरची तीन अक्षरे, पण वाद न्यायालयात गेला. लिंकनच्या धर्मन्यायालयाने आणि त्यावरच्या न्यायालयानेही व्हिकारची बाजू उचलून धरली. शेवटी १८७६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे शेवटच्या अपिलाच्या न्यायपीठाने, निकाल फिरवला.

त्या निकालाचा गाभा या धाग्यासाठी महत्त्वाचा आहे. कौन्सिलचे म्हणणे असे होते की रेव्हरंड ही पदवी किंवा दर्जाचे नाव नाही. ते केवळ गौरवाचे विशेषण आहे आणि त्यावर कोणत्याही एका पंथाच्या धर्मगुरूंचा मक्ता नाही. म्हणजे अनीयर् यांनी व्याकरणातून जे सांगितले, तेच न्यायाधीशांनी कायद्यातून सांगितले. हा शब्द विशेषण होता म्हणूनच कीट यांना तो मिळाला.

इतिहासही याला धरूनच आहे. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत हे विशेषण नावांआधी मानार्थ येऊ लागले, धर्मगुरूंच्या नावाला ते ठरल्यासारखे चिकटले ते सतराव्या शतकापासून. एकोणिसाव्या शतकात तर इंग्लंडमधल्या ज्यू सभास्थानांचे धर्मोपदेशकही आपल्या नावाआधी 'रेव्ह.' लावीत असत. तेव्हा आपल्या मेथडिस्ट पाहुण्यांविषयी निश्चिंत राहावे.

नगरकर

याला एक उलटी बाजूही आहे. सगळेच ख्रिस्ती हा मान मागत नाहीत, काही तो मुद्दाम नाकारतात. इंग्रजीतील किंग जेम्स बायबलमध्ये हा शब्द फक्त एकदा आला आहे, स्तोत्रसंहितेच्या १११व्या स्तोत्राच्या ९व्या ओवीत, आणि तिथे तो देवाच्या नावाला लावलेला आहे. त्यावरून काही मंडळ्या असे म्हणतात की जे विशेषण शास्त्रात देवाच्या नावाचे आहे, ते माणसाने स्वतःला का लावून घ्यावे? ब्रदरेन मंडळ्यांमध्ये 'ब्रदर' म्हणजे 'बंधू' एवढेच म्हणतात. प्रसिद्ध बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जन यांनाही ही उपाधी आवडत नव्हती. मत्तयाच्या २३व्या अध्यायात येशूने शिष्यांना गुरू, पिता अशा पदव्या मिरवू नका असे बजावले आहे, त्याचाही आधार ते देतात.

माझ्या आजोबांचे या वादावरचे उत्तर मला पटते. ते म्हणत, 'रेव्हरंड हे मी म्हणायचे नाही, तुम्ही म्हणायचे आहे.' ते स्वतः सहीत फक्त नाव लिहीत.

टेम्सकाठ

आजोबांचे म्हणणे इथल्या शिष्टाचाराशी जुळते. स्वतःचा परिचय 'मी रेव्हरंड अमुक' असा करून देणे इथेही अप्रशस्त मानतात. फार तर पत्राखाली टंकलिखित नावाआधी ती उपाधी छापलेली असते. बिशपांच्या सहीची तऱ्हा तर आणखी वेगळी आहे. ते आधी छोटा क्रूस काढतात, मग फक्त पहिले नाव लिहितात आणि आडनावाच्या जागी आपल्या धर्मप्रांताचे नाव येते, कित्येकदा लॅटिन रूपात. कँटरबरीचे आर्चबिशप आडनावाऐवजी 'कँटुआर' असे लिहितात. 'मोस्ट रेव्हरंड' लिहिण्याचे काम पाकिटावर पत्ता घालणाऱ्याचे आहे.

बुवांचा नातू

मी वारकरी घरातला आहे आणि ख्रिस्ती परंपरेचा अभ्यास नाही, पण वरचे सगळे वाचताना मला आमच्या सप्ताहाचा फलक दिसत होता. फलकावर 'ह. भ. प.' असते. हरिभक्तपरायण हेही विशेषणच, तेही पूर्ण नावाआधी, तेही इतरांनी लावायचे. पण कीर्तनाला उभ्या असलेल्या माणसाला 'अहो हभप' अशी हाक कोणी मारत नाही, हाक 'महाराज' किंवा 'बुवा' अशीच येते. माझे आजोबा फलक रंगवणाऱ्याला आपले नाव सांगताना ती तीन अक्षरे कधी सांगत नसत. तो आपणहून घालत असे, आणि एके वर्षी विसरला तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत, आजी मात्र बोलली. भटजींच्या नावाआधीचे 'वे. शा. सं.' आणि पुढाऱ्यांच्या नावाआधीचे 'मा.' यांचीही तीच गत. 'माननीय'मध्ये तर अनीयर् यांचा प्रत्यय उघडच दिसतो. तेव्हा रेव्हरंड समजायला आपल्याला लंडनला जाण्याची गरज नाही.

वसईची वाडी

उपमा अचूक आहे, पण एक भेद नोंदवते. ह. भ. प. कोणी लावावे यावर कोणाचे नियंत्रण नाही, रेव्हरंडच्या मागे मात्र चर्चने दिलेली दीक्षा अपेक्षित असते. शब्द विशेषणाचा असला, तरी तो कोणाला लावायचा हे व्यवहारात चर्च ठरवते.

आणखी एक. हे विशेषण इंग्रजीत स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारखेच चालते. इंग्लंडच्या चर्चने १९९४ साली पहिल्यांदा स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली, तेव्हा नवा शब्द शोधावा लागला नाही. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये २०१३ साली ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या, त्यांच्याही नावाआधी 'राइट रेव्हरंड'च लागते. अडचण झाली ती 'फादर'ची. वाक्यरचनेत मराठीलाही काही करावे लागत नाही. 'रेव्हरंड आल्या' आणि 'रेव्हरंड आले' ही दोन्ही वाक्ये सहज चालतात.

अनीयर्

लेखनाचा प्रश्न राहिला, त्यावर माझे मत देतो. 'रे.' हे जुन्या पुस्तकांत आढळते, पण ते टाळावे. शाळेत असताना 'रे. ना. वा. टिळक' असे वाचून आमच्या वर्गातील अर्ध्या मुलांचा समज असा होता की कवीच्या नावाची तीन आद्याक्षरे आहेत, आणि 'रे' म्हणजे काय यावर पैजा लागत. 'रेव्ह.' असे लिहिले की हा घोटाळा होत नाही. पूर्ण शब्द लिहिताना 'रेव्हरंड' पुरेसा आहे, 'रेव्हरेंड' लिहून इंग्रजी वर्णांना चिकटून राहण्याचे कारण नाही. कुठलेही एक रूप घ्यावे आणि संपूर्ण स्मरणिकेत तेच ठेवावे.

मुद्रितशोधक

काल प्रुफे परत आली. इंग्रजी भागात पहिल्या उल्लेखाला 'द रेव्हरंड' आणि पूर्ण नाव, पुढे 'मिस्टर' आणि आडनाव, असे ठरले. मराठी भागात पहिल्या ठिकाणी 'रेव्ह.' आणि पूर्ण नाव, नंतर 'रेव्हरंड' आणि आडनाव, कारण नगरकरांचा टिळकांचा दाखला संपादक मंडळाला मोडवेना.

पाहुण्यांचा शुभसंदेश असलेले पान शाळेने त्यांच्याकडेही पाठवले होते. त्यांनी पेन्सिलीने एकच दुरुस्ती केली आहे. संदेशाखाली छापलेल्या सहीतल्या नावाआधीचे 'रेव्ह.' खोडले आहे आणि समासात बारीक अक्षरात लिहिले आहे, 'वर तुम्ही लिहिले आहे, तेवढे असू द्या.' मी तो बदल तसाच उतरवून पान छपाईला दिले.